बाहेरच्याने दार उघडायचं नाही

ही घटना खरी आहे.

पटली तर ठेवा, नाही तर सोडून द्या. मी कुणाची शपथ घेणार नाही. जिच्या बाबतीत हे घडलं तिला मी फार जवळून ओळखते, एवढंच सांगते. तिची आई तिला ‘लेकी’ अशी हाक मारायची. मीही तिला लेकच म्हणेन.

आधीच सांगून ठेवते. यात काळोखी रात्र नाही. ओसाड बंगला नाही. जे घडलं ते सकाळी आठ चाळीसला घडलं. लख्ख उजेडात, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, खाली शाळेच्या बसचे हॉर्न वाजत असताना.

लेकीला भीती वाटते ती त्याचीच. अंधार असता तर निदान दिवा लावता आला असता.

तीन वर्षांपूर्वीचा एक मंगळवार. लेक बूट घालत होती. आई तिच्या खोलीत दार लोटून तयार होत होती. दोघींची बस एकच, आठ पन्नासची. लेक ग्रंथालयात उतरायची, आई पुढे चार थांबे.

आतून आईचा आवाज आला.

“लेकी, माझा चष्मा दिसला का गं?”

“डोक्यावर बघ.”

“डोक्यावर नाहीये.”

“मग फ्रिजमध्ये बघ. परवा तिथेच होता.”

“परवा फोन होता,” आई म्हणाली. “चष्मा मी कधी फ्रिजमध्ये ठेवत नाही. माझी काही एक पद्धत आहे.”

आईची नोकरी तुरुंगात. लेक शाळेत असताना एकदा बाईंनी विचारलं, आई काय करते? हिने सरळ सांगितलं, माझी आई तुरुंगात असते. त्या दिवसापासून डब्याच्या सुट्टीत तिला कुणी त्रास दिला नाही.

तुरुंगाला बाहेरून जे जे लागतं, म्हणजे स्वयंपाक, धुलाई, फोन, कुलपांची दुरुस्ती, शिकवणारी माणसं, ते सगळं कंत्राटावर चालायचं. ती कंत्राटं आई सांभाळायची. कुणी काय द्यायचं, कधी द्यायचं, नाही दिलं तर काय, हे कलमावार लिहायचं आणि मग वर्षभर त्यांच्या मागे लागायचं. जेवतानासुद्धा तिच्या ताटाशेजारी लाल पेन्सिल असायची.

पण तिचा जीव अडकला होता एकाच कंत्राटात. सुटकेच्या तयारीच्या.

वीस-पंचवीस वर्षं ज्याने एकही दार स्वतः उघडलेलं नाही, तो माणूस दारापाशी आला की थांबतो. डाव्या बाजूला, दोन पावलं मागे, हात अंगाला चिकटवून. कुणीतरी उघडेल म्हणून. असाच एक जण सुटून बहिणीकडे गेला आणि तिच्या न्हाणीघरात चार तास उभा राहिला. दाराला आतून नुसता खटका होता.

ते ऐकल्यावर आईने लांब व्हरांड्याच्या टोकाची जुनी कोठीची खोली रिकामी करून घेतली. आत पलंग, दिव्याचं बटण, आरसा. आणि घरात असतं तसं साधं दार, आतून हँडल असलेलं. कैद्याने आत बसायचं, दार लावायचं, आणि आपल्या मनाने उठून, दार उघडून बाहेर यायचं.

बस, एवढंच.

सहा-सहा दिवस लागायचे काही जणांना.

शिकवायला आलेल्या कंत्राटदाराच्या माणसांना तेवढा धीर नव्हता. मिनिटभर वाट बघायची, मग बाहेरून आपणच दार उघडायचं आणि फॉर्मवर ‘सराव पूर्ण’ अशी खूण करून मोकळं व्हायचं. आई भडकली. पुढच्या कंत्राटात तिने स्वतःच्या हाताने कलम नऊ घातलं.

‘सरावाच्या वेळी बाहेरच्याने दार उघडायचं नाही. कितीही वेळ लागला तरी.’

बाहेर उभं राहून फक्त एक वाक्य बोलायला परवानगी होती. आई ते स्वतः बोलायची. दोन-दोन तास, न कंटाळता.

“मी इथेच आहे. सावकाश.”

कैदी तिला आपसात दारवाल्या बाई म्हणायचे.

आणखी एक सांगायला हवं. त्या खोलीचं दार कंत्राटदाराने सहा महिने दिलंच नाही. शेवटी घराचं रंगकाम निघालं, दारं बदलली, तेव्हा आईने लेकीच्या खोलीचं जुनं दार टेम्पोत टाकून तुरुंगात नेलं. पितळी हँडलचं. ते खाली दाबलं की किर्र वाजायचं, आणि सोडलं की टक.

घरात नवी दारं आली. स्टीलच्या हँडलची. त्यांचा काही म्हणजे काही आवाज होत नाही.

हे लक्षात ठेवा.

तर तो मंगळवार. आठ चाळीस. लेक बूट घालून उंबऱ्यात उभी.

“थांब ना जरा,” आई आतून म्हणाली. “सोबतच निघू.”

लेक थट्टेत म्हणाली. अगदीच थट्टाही नव्हती ती.

“तुझ्या त्या कैद्यांसाठी दोन-दोन तास दाराबाहेर उभी राहतेस. माझ्यासाठी कधी थांबलीस गं? मग मी कशाला थांबू?”

मग आई हसली.

“बरं बाई, जा. तू जिंकलीस.”

लेक गेली. दार ओढून घेतलं. टक आवाजसुद्धा झाला नाही.

दुपारी तुरुंगातून फोन आला.

त्या दिवशी शिकवणारा माणूस आलाच नव्हता. सरावाला होता शिंपी. पासष्टीचा, सव्वीस वर्षं आत, कैद्यांच्या कपड्यांची शिलाई त्याच्याकडे. नऊ दिवसांवर सुटका, आणि तीनदा प्रयत्न करूनही त्याच्याच्याने दार काही उघडत नव्हतं. आई त्याला म्हणाली, आज मी आत जाते, तुम्ही बाहेर थांबा. दार आतून उघडताना बाहेरून कसं दिसतं ते तर बघा.

आई आत गेली. दार लागलं.

आत ती कोसळली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एक-दोन मिनिटांत सगळं संपलं असणार.

शिंपी बाहेर उभा होता. डाव्या बाजूला, दोन पावलं मागे.

एक तास चाळीस मिनिटं.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला शिपाई होता. त्याला वाटलं, सराव चाललाय.

बाहेरच्याने दार उघडायचं नाही. कलम नऊ.

लेक त्या दिवशी रडली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट खिळ्यासारखी बसली. त्याने उघडलं नाही. एक हँडल. नुसतं खाली दाबायचं होतं.

चार आठवडे गेले. आईची धाकटी बहीण, मावशी, सोबतीला राहायला आली होती. सकाळची वेळ. मावशी टेबलावर चहा ओतत होती. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली,

“तिला सांग, चहा गार होतोय.”

“कुणाला?”

“अगं, आत...”

मावशीचा हात तसाच राहिला. चहा बशीत सांडत होता.

“हँडल वाजलं ना आत्ता,” ती हळूच म्हणाली.

लेकीने घड्याळ बघितलं.

आठ चाळीस.

दोघींनी कान दिला. खाली शाळेची बस उभी होती. पण तिचा हॉर्न ऐकू येत नव्हता. पोरांचा गलका नाही. फ्रिजची घरघर नाही. कुणीतरी सगळ्या घरावर उशी दाबून धरावी तसं.

आणि मग... आईच्या खोलीच्या बंद दाराआडून...

किर्र.

टक.

जे दार आता या घरातच नव्हतं, त्याचा आवाज.

लेक उठली. धावत गेली आणि दार उघडलं.

कुणी नाही. नीट घातलेली चादर. टेबलावर चष्मा. तो शेवटी उशीखाली सापडला होता.

पण दार उघडता उघडता तिने एक ऐकलं होतं. आतल्या फरशीवर... पावलं सरकल्याचा आवाज. मागे. दोन पावलं.

मावशीने दुसऱ्याच दिवशी बॅग भरली. म्हणाली, गुडघे दाखवायचेत डॉक्टरांना. गुडघे दुखणारी बाई दोन मजले इतक्या भराभर उतरताना लेकीने पहिल्यांदाच बघितली.

त्यानंतर रोज.

जे दार बंद असेल त्याच्या आतून. कधी न्हाणीघर, कधी स्वयंपाकघर. एकदा कपड्यांचं कपाट. लेक प्रत्येक वेळी धावायची, उघडायची. काही नाही. फक्त मागे सरकलेली दोन पावलं. आणि दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा पहिल्यापासून... जणू कालचा सराव वाया गेला.

तिने दारं बंदच ठेवायची नाहीत असं ठरवलं. प्रत्येक दाराला आतल्या बाजूने जाड पुस्तकांची चळत लावली. शब्दकोश, विश्वकोशाचे खंड. घरात तेवढीच जड वस्तू होती.

सकाळी आठ पस्तीसला सगळी दारं सताड उघडी. तिने स्वतः मोजली.

पाच मिनिटं ती गॅसपाशी होती. पाठ वळलेली.

वळून बघते तर...

आईच्या खोलीचं दार बंद होतं. पुस्तकं बाहेर पडलेली नव्हती. नंतर उघडून बघितलं तर ती आत होती, भिंतीला लावून, खंडांच्या क्रमाने रचलेली.

आईची काही एक पद्धत होती.

त्याच आठवड्यात तुरुंगातल्या कारकुनाचा फोन आला. बिचारा फार अवघडला होता.

“मॅडम, तो शिंपी... त्याची सुटका थांबलीये. चौकशी चाललीये ना. तुमचा जबाब आला की कागद पुढे सरकतो. तुमची तक्रार आहे की नाही, एवढंच लिहायचं.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर कागद पडून राहतो, मॅडम. कागदाला काय, त्याला कुठे घाई असते.”

लेकीने पंधरा दिवस तो विषय टाळला. पडून राहू दे, असंही एकदा मनात आलं. ते खोटं का सांगू?

मग एका शुक्रवारी ती गेली.

जेलर साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आईबद्दल दोन चांगले शब्द बोलले. लेक म्हणाली, मला ती खोली बघायची आहे. आणि त्या माणसाशी बोलायचं आहे. शिपाई तिला व्हरांड्याच्या टोकापर्यंत घेऊन गेला.

तिच्या लहानपणीचं दार तिथे उभं होतं. खालच्या कोपऱ्यात तिने चिकटवलेल्या चांदणीचा अर्धवट खरवडलेला डाग अजून होता.

तिने हँडल दाबलं.

किर्र.

सोडलं.

टक.



शिंपी आत आला, म्हणजे शिपायाने त्याला आत आणलं आणि दार लावून घेतलं. वाळलेला, बारीक माणूस. तिच्याकडे न बघता तिच्या ओढणीच्या उसवलेल्या कडेकडे बघत होता. सवय.

“ताई, तुम्हाला राग असेल,” तो म्हणाला. “असायलाच हवा.”

लेकीने ओढणीची कड मुठीत घेतली.

“मी विचारलं होतं बाईंना. पाचेक मिनिटं झाल्यावर. म्हटलं, बाई, उघडू का? नियमात बसत नव्हतं. तरी विचारलं.”

“मग?”

त्याने दाराकडे बघितलं.

“आतून आवाज आला.”

“शक्य नाही,” लेक म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, एक-दोन मिनिटांत...”

“ते मलाही सांगितलं साहेबांनी. म्हणून तर मी कुणापाशी बोललो नाही. म्हणाले असते, म्हातारा स्वतःची कातडी वाचवतोय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्यांच्या आहात.”

“काय म्हणाली ती?”

शिंप्याने ओठ ओले केले.

“‘थांब ना जरा. सोबतच निघू.’”

ते वाक्य तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मावशीलाही नाही. आरशात बघूनही नाही.

“दर थोड्या वेळाने तेच,” शिंपी सांगत होता. “आणि हँडल हलायचं. किर्र. टक. मी म्हटलं, येतील आता. बाई आम्हाला म्हणायच्या तेच मी बाहेरून म्हणत राहिलो, मी इथेच आहे, सावकाश. पण नंतर नंतर मला वाटायला लागलं, ताई, की बाई माझं ऐकतच नाहीयेत. माझ्यासोबत त्या कशाला निघतील? त्या दुसऱ्याच कुणाशी बोलत होत्या. त्यांना दुसऱ्याच कुणाचा आवाज हवा होता.”

त्याने पुन्हा दाराकडे बघितलं.

“शेवटचं ऐकलं आणि लगेच शिपाई आला. त्याने दार उघडलं. बाई पार गार पडल्या होत्या, ताई. पार गार.”

लेकीने पर्समधून कागद काढला. पलंगावर ठेवून, वाकून लिहिलं. ‘माझी काहीही तक्रार नाही.’ अक्षर तिचं वाटत नव्हतं. सही केली.

निघायचं झालं. शिंपी दारापाशी गेला आणि थांबला. डाव्या बाजूला, दोन पावलं मागे. हात अंगाला चिकटलेले.

लेकीचा हात आपसूक हँडलकडे गेला.

तिने तो मागे घेतला.

‘मी इथेच आहे, सावकाश’ असं म्हणावं असं तिला वाटलं. घशाशी आलं, पण फुटलं नाही. ती नुसती उभी राहिली. बाहेर शिपाई दोनदा खाकरला. चार मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त. शिंप्याच्या कपाळावर घाम आला होता. मग त्याने उजवा हात पुढे केला, गरम इस्त्रीला लावावा तसा, आणि दार उघडलं.

व्हरांड्यातला उजेड आत आला. म्हातारा उंबऱ्यात उभा राहून रडत होता आणि शिपायाला सांगत होता, “बघ. बघ की. मी.”

त्या क्षणी लेकीला कळलं, घरी ती रोज काय चूक करत होती.

ती रोज बाहेरून दार उघडत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तिने सगळी दारं उघडी ठेवली, एक सोडून. आईच्या खोलीचं दार तिने स्वतः लोटून घेतलं. समोर जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. घड्याळ मांडीवर.

आठ छत्तीस.

आठ अडतीस.

खाली हॉर्न वाजला... आणि मध्येच तुटला. फ्रिज बंद पडला. सगळ्या घरावर ती उशी येऊन बसली.

आठ चाळीस.

किर्र...

लेक टक ऐकू यायची वाट बघत होती.

टक आला नाही.

तिने वर बघितलं. स्टीलचं नवं हँडल... ज्याचा कधी आवाज होत नाही, आणि जे इतक्या दिवसांत आपोआप एकदाही हललं नव्हतं... ते खाली दाबलेलं होतं. तसंच राहिलं होतं. पलीकडून कुणाचा तरी हात त्यावर होता.

आणि दाराखालच्या फटीत, खिडकीचा उजेड दोन ठिकाणी तुटलेला. दोन पावलांएवढा. मधोमध नाही, डाव्या बाजूला.

मावशीने नंतर तिला विचारलं, तुला पळून जावंसं नाही वाटलं? वाटलं, असं ती म्हणाली. पण त्याहून जास्त दार उघडावंसं वाटलं. उठायचं, हँडल ओढायचं, जे असेल ते बघायचं. तिचा उजवा हात वर गेलाच होता. तो तिने मांडीखाली दाबून धरला.

आठ पन्नासची बस गेली असणार.

नऊ वाजले.

सव्वानऊ.

हँडल खालीच. आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं तिला वाटत होतं. किंवा ज्याला श्वास लागतच नाही असं कुणी.

ते दार त्या दिवशी उघडलं का?

मी तिला विचारलं आहे, बऱ्याचदा. ती उत्तर देत नाही. एवढं मात्र मला माहीत आहे की आठ पन्नासची बस तिने त्यानंतर कधी पकडली नाही. ग्रंथालयात ती आता दहाला पोचते, आणि का ते कुणाला सांगत नाही. तिच्या घरी गेलात तर ती तुमच्यासाठी एकही दार उघडणार नाही. खोलीतून तुम्ही आपले आपण बाहेर यायचं. आणि सकाळी साडेआठ वाजले की ती बोलता बोलता गप्प होते, आणि कान देते.

त्या शनिवारी ती किती वेळ बसली होती, तेही तिला सांगता येत नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून तिच्या पायांपर्यंत सरकली, तेवढं आठवतं. पाय बधिर झाले होते. पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा नुसती हवा आली.

मग आवाज आला. तिचा स्वतःचा. मंगळवारी आठ चाळीसला उंबऱ्यात उभं राहून जे म्हणायचं होतं, आणि जे तिने आयुष्यात एकदाही म्हटलं नव्हतं, ते ती बंद दाराला म्हणाली.

“मी नाही गेले, आई. मी थांबलेय. इथेच आहे मी... सावकाश ये.”